जुन्या स्टेशनातलं रेल्वे म्युझियम बघायचंय? आधी स्टेशन बघा, मग इंजिन

प्रश्न थोडक्यात असा होता: "ट्रिपमध्ये एक जुनं रेल्वे स्टेशन आहे, ते दुरुस्त करून तिथे रेल्वे म्युझियम केलंय, त्याला अर्धा दिवस ठेवलाय. सोबत 8 वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आई. आमच्यापैकी कुणालाच इंजिनांतलं काही कळत नाही. काय बघायचं, कसं बघायचं, आणि अर्धा दिवस वाया तर नाही ना जाणार?"

वाया अजिबात जाणार नाही. मी गेली 22 वर्षं जुन्या स्टेशनांच्या इमारती आणि त्यातल्या वस्तू जतन करण्याचं काम करते, त्यामुळे अशा ठिकाणी येणारी माणसं मी रोज बघते. बहुतेक लोक काय करतात तर तिकीट काढतात, तिकिटाच्या हॉलमधून, वेटिंग रूममधून भराभर चालत थेट मागे उभ्या असलेल्या मोठ्या काळ्या इंजिनापाशी जातात, तिथे फोटो काढतात, मुलाला ड्रायव्हरच्या जागी बसवतात आणि पाऊण तासात बाहेर. आणि मग म्हणतात छान होतं पण दोन-तीन इंजिनंच होती. अहो, ज्या इमारतीतून तुम्ही धावत गेलात तीच तिथली सगळ्यात मोठी वस्तू होती! इंजिन कुठूनही आणून कुठेही ठेवता येतं, स्टेशन मात्र जिथे होतं तिथेच असतं आणि तिथे काय काय घडलं त्याच्या खुणा अंगावर घेऊन उभं असतं. त्यामुळे माझं पहिलं सांगणं हेच की निम्मा वेळ स्टेशनला द्या. आणि इंजिनातलं कळत नाही याची काळजी करू नका, स्टेशन वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही.

जायच्या आधी एक गोष्ट बघून ठेवा, हे स्टेशन नेमकं कुठल्या प्रकारचं आहे. एक प्रकार म्हणजे मूळ जागेवरची मूळ इमारत, दुसरा म्हणजे दुसरीकडून उचलून आणलेली, आणि तिसरा म्हणजे जुन्यासारखी नव्याने बांधलेली. तिन्हींना बाहेरच्या पाटीवर ऐतिहासिक स्टेशन असंच म्हणतात पण बघायची नजर वेगळी ठेवावी लागते. मँचेस्टरचं लिव्हरपूल रोड स्टेशन हे पहिल्या प्रकारचं, 15 सप्टेंबर 1830 ला लिव्हरपूल-मँचेस्टर लाइन सुरू झाली तेव्हाची इमारत अजून त्याच जागी आहे. 1844 मध्येच तिथली प्रवासी वाहतूक बंद झाली, नंतर 1975 पर्यंत ते मालगाड्यांचं स्टेशन होतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच ते वाचलं, कारण प्रवाशांसाठी मोठं करायला म्हणून ते पाडायची वेळच कुणावर आली नाही. क्योटोच्या रेल्वे म्युझियममधली निजो स्टेशनची 1904 ची लाकडी इमारत दुसऱ्या प्रकारची, ती मूळ जागेवरून हलवून म्युझियमच्या आवारात आणलीये. आणि कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला जुन्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचं स्टेशन आहे ते तिसऱ्या प्रकारचं, 1876 च्या काळातलं स्टेशन 1976 मध्ये परत उभं केलेलं. तिसऱ्या प्रकारात कमीपणा काही नाही, ते बघायला सुंदरच असतं, फक्त तिथे उंबऱ्याची झीज शोधत बसू नका, ती नसणार. पहिल्या प्रकारात मात्र झीजच शोधायची.

आता पोचल्यावर काय. आत जाऊ नका लगेच. रस्त्याच्या बाजूने इमारत बघा आणि नंतर रुळांच्या बाजूने बघा, दोन्ही चेहरे वेगळे असतात. रस्त्याकडची बाजू गावाला दाखवायची असते म्हणून तिथे कमानी, नक्षी, कंपनीचं नाव. फलाटाकडची बाजू कामाची, तिथे छत, खांब, सामानाचे रुंद दरवाजे. किती दारं आहेत ते मोजा आणि प्रत्येक दार कुणासाठी होतं ते विचारा. लिव्हरपूल रोडला पहिल्या वर्गाचं दार वेगळं आणि दुसऱ्या वर्गाचं वेगळं, आत बुकिंग हॉलही वेगळे, आणि रूळ रस्त्यापेक्षा वरच्या पातळीवर असल्यामुळे जिने चढून वर जावं लागायचं. म्हणजे ही लाइन सुरू झाली त्याच दिवसापासून माणसांची विभागणी दगड-विटांत बांधलेली होती, आणि ती आजही तुम्हाला नुसत्या दारांवरून वाचता येते.

फलाटावर आलात की वर बघा. लोखंडी छत असेल तर त्याच्या माथ्यावर बहुतेक वेळा एक उंच केलेली उघडी फट दिसेल, ती धूर बाहेर जायला. छताच्या कडेला लाकडी पट्ट्यांची झालर असते, ती शोभेची वाटते आणि आहेही, पण तिरपा पाऊस आत येऊ नये हे तिचं काम. खांब बिडाचे असतात कारण बीड दाबाला पक्कं, ताणाला कच्चं, म्हणून उभा भार बिडावर आणि जिथे ताण येतो तिथल्या सळया, पट्ट्या घडीव लोखंडाच्या. यातले बरेच खांब आतून पोकळ असतात, छताचं पावसाचं पाणी त्यांच्यातूनच खाली जातं. हे मी मुद्दाम सांगतेय कारण खांबाच्या तळाशी तुम्हाला वेगळ्या रंगाचा, नव्याने बसवलेला भाग दिसला तर समजा की आतून पाणी तुंबून तो गंजला होता आणि कुणीतरी अनेक महिने खपून तो बदललाय. माद्रिदचं देलिसियास स्टेशन, 1880 चं, आता तिथे 1984 पासून रेल्वे म्युझियम आहे, तिथे तर बरीचशी इंजिनं त्या जुन्या लोखंडी छताखालीच मूळ रुळांच्या जागी उभी आहेत, अशा ठिकाणी इंजिनाकडे पाठ करून पाच मिनिटं फक्त छत बघितलं तरी चालेल.

मग तिकिटाची खिडकी. इथे मुलाला पुढे करा. खिडकीच्या आतल्या बाजूला उभ्या खोबण्यांचं लाकडी कपाट असेल, त्यात छोटी जाड पुठ्ठ्याची तिकिटं रचलेली असतात, साधारण 57 मिमी बाय 30 मिमी. ही पद्धत टॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तरची, 1830 च्या दशकात इंग्लंडमध्ये न्यूकॅसल-कार्लाइल लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनावर. त्याच्या आधी क्लार्क प्रत्येक तिकीट हाताने लिहायचा, त्यात वेळ जायचा आणि पैशाचा हिशोब फक्त त्याच्या प्रामाणिकपणावर चालायचा. एडमंडसनने तिकिटं आधीच छापून त्यावर ओळीने नंबर टाकले, म्हणजे सकाळी खोबणीत कुठला नंबर होता आणि संध्याकाळी कुठला आहे एवढं बघितलं की किती विकली ते कळलं. शेजारी एक लोखंडी छोटं मशीन असतं, त्यात तिकीट सरकवलं की तारीख उमटते. बऱ्याच म्युझियममध्ये ते चालू असतं आणि मुलांना तिकीट छापून देतात, तो "खट्" आवाज तुमच्या आईला कदाचित लगेच ओळखू येईल. ब्रिटनमध्ये ही तिकिटं 1990 पर्यंत टिकली, दीडशे वर्षं! आणि खिडकीचा कट्टा हात लावायला परवानगी असेल तर मध्यभागी चाचपून बघा, पैसे सरकवून सरकवून तिथे वाटीसारखा खळगा पडलेला असतो.

घड्याळ. स्टेशनवरचं घड्याळ हे नुसतं वेळ बघायला नव्हतं, वेळ कुठली धरायची हे ते ठरवायचं. रेल्वे येण्याआधी प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर, म्हणजे पूर्वेचं गाव पुढे, पश्चिमेचं मागे. ब्रिस्टलच्या एक्स्चेंज इमारतीवरच्या घड्याळाला अजून दोन मिनिटकाटे आहेत, एक लंडनची वेळ दाखवणारा आणि दुसरा गावाची, दोघांत साधारण 10 मिनिटांचं अंतर. अमेरिकेत तर रेल्वे कंपन्या मिळून पन्नासेक वेगवेगळ्या वेळा वापरत होत्या, एकाच स्टेशनावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या घड्याळांत वेगवेगळी वेळ, मग 18 नोव्हेंबर 1883 ला रेल्वे कंपन्यांनी आपसात ठरवून टाइम झोन लागू केले. सरकारचा कायदा 1918 मध्ये आला, म्हणजे 35 वर्षं देशाची वेळ रेल्वेने चालवली. जुन्या अमेरिकन स्टेशनाच्या म्युझियममध्ये गेलात तर घड्याळाखाली उभं राहून हे मुलाला नक्की सांगा, 8 वर्षांच्या मुलाला एका दिवसात दोनदा दुपारचे 12 वाजले ही गोष्ट फार आवडते, आणि पूर्वेकडच्या काही शहरांत त्या दिवशी खरंच तसं झालं.

आता माझ्या सगळ्यात आवडीची जागा. छोट्या स्टेशनांत, खास करून अमेरिकन, फलाटाच्या बाजूला इमारतीचा एक भाग पुढे आलेला असतो, तिन्ही बाजूंना खिडक्या. लोकांना वाटतं डिझाइन आहे. ती तारमास्तरची, म्हणजे तारयंत्रावर संदेश घेणाऱ्या-देणाऱ्या ऑपरेटरची जागा. टेबलावर बसल्या बसल्या त्याला दोन्हीकडची लाइन दिसायला हवी म्हणून भिंत पुढे काढलीये. टेबलावर तारेची चावी आणि टक-टक वाजणारं यंत्र असेल, आणि त्याच्या मागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा खोचलेला दिसला तर तो कचरा म्हणून राहिलेला नाही, आवाज मोठा यावा म्हणून ऑपरेटर लोक तसा डबा लावायचे. या एका टेबलावर गाड्यांचा जीव असायचा. 1851 मध्ये अमेरिकेच्या एरी लाइनवर पहिल्यांदा तारेवरून हुकूम देऊन गाडी पुढे काढली, तोवर सिंगल लाइनवर समोरची गाडी आली नाही तर वाट बघत थांबणं हाच नियम. नंतर पद्धत अशी झाली की कंट्रोलचा हुकूम तारेवर आला की ऑपरेटरने तो पातळ कागदावर लिहायचा, लांब दांड्याच्या कडीला अडकवायचा आणि फलाटाच्या कडेला उभं राहून धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला द्यायचा, ड्रायव्हर हात बाहेर काढून ती कडी दंडात ओवून घ्यायचा, मागे गार्डसाठी दुसरी प्रत. अशी वेताची कडी भिंतीवर टांगलेली असते आणि लोक तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. बघा, आणि मनात आणा की रात्र आहे, पाऊस आहे, इंजिन हातभर अंतरावरून जातंय आणि तुम्हाला ती कडी वर धरून हलायचं नाहीये.

तारेवर चूक झाली तर काय व्हायचं त्याचं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधलं थॉर्प, 10 सप्टेंबर 1874. अधिकाऱ्याची सही व्हायच्या आधीच क्लार्कने गाडी पाठवायचा संदेश तारेवर पाठवून दिला, एका लाइनवर दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि 25 माणसं गेली. त्यानंतर एडवर्ड टायरने यंत्र बनवलं, दोन स्टेशनांत जोडलेलं, एका वेळी एकच टोकन बाहेर निघेल असं, आणि ते टोकन हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी काढायची नाही. आपल्याकडचे रेल्वेवाले ज्याला गोळा म्हणतात तो याच कुळातला. म्युझियममध्ये लाल रंगाचं, वर बेल असलेलं उभं लोखंडी कपाट दिसलं तर थांबा आणि स्वयंसेवकाला म्हणा दोन्ही यंत्रं जोडलेली आहेत का, एक टोकन काढून दुसरं काढायचा प्रयत्न करून दाखवाल का. दुसरं निघत नाही. मी हे शंभर वेळा तरी बघितलं असेल, अजून बघताना बरं वाटतं.

सिग्नल केबिन उघडी असेल तर चढाच, जिना अरुंद असतो त्यामुळे आईंनी खाली थांबलं तरी चालेल. आत खटक्यांची, म्हणजे सिग्नल आणि रूळ हलवायच्या उभ्या दांड्यांची रांग. ब्रिटिश पद्धतीत रंगावरून कळतं, लाल म्हणजे थांबायचे सिग्नल, पिवळा लांबचा इशारा सिग्नल, काळा सांध्यांचा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेचा, निळा सांधा पक्का धरणाऱ्या कुलपाचा आणि पांढरा म्हणजे वापरात नसलेला. जॉन सॅक्सबीने 1856 मध्ये सांधे आणि सिग्नल एकमेकांत अडकवायचं पेटंट घेतलं, त्यामुळे सांधा चुकीच्या बाजूला असेल तर सिग्नलचा खटका हलतच नाही, कितीही जोर लावा. मुलाला ओढू द्या, न हललेला खटका त्याला जास्त लक्षात राहील. आणि एक बारीक गोष्ट, खटक्यांशेजारी कापडाचा तुकडा लटकलेला दिसेल, केबिनमन कायम कापडातून खटका धरायचे कारण घासून चकचकीत केलेलं पोलाद घामाने गंजतं. आम्ही जतनाचं काम करणारे हातमोजे घालतो त्याचं कारणही तेच, आणि म्युझियममध्ये पितळेला, पोलादाला हात लावू नका लिहिलेलं असतं त्याचंही.

वेटिंग रूमबद्दल मला थोडं सावकाश लिहायचंय. काही ठिकाणी बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, वर्गाप्रमाणे वेगळी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जुन्या स्टेशनांत तर गोऱ्यांची आणि काळ्या लोकांची वेगळी, तिकिटाची खिडकीही कधी वेगळी. तिथल्या सुप्रीम कोर्टाचा 1896 चा प्लेसीचा निकाल, "वेगळं पण समान" चालेल म्हणणारा, तो मुळात रेल्वेच्या डब्यात कुठे बसायचं यावरचाच खटला होता. राज्याबाहेर जाणाऱ्या प्रवाशांसाठी डब्यांतली आणि वेटिंग रूममधली ही विभागणी बेकायदा ठरायला 1955 साल उजाडलं. चांगलं म्युझियम हे लपवत नाही, मधली भिंत कुठे होती ती जमिनीवर पट्टी आखून दाखवतं. ती पट्टी दिसली तर दोन्ही बाजूंच्या खोल्यांचं माप, खिडक्या, शेगडी याची तुलना करा. समान नव्हतं ते डोळ्याने दिसतं.

एका छोट्या स्टेशनात मी काम करत होते तिथली आठवण सांगते. वेटिंग रूमच्या भिंतीवरचे नंतरचे पाच-सहा रंगाचे थर हळूहळू काढल्यावर खालच्या जुन्या रंगावर भिंतीभर एक आडवा काळपट पट्टा निघाला, जमिनीपासून सगळीकडे सारख्याच उंचीवर. आधी वाटलं ओल आहे. ओल अशी सरळ रेषेत येत नाही. मग बाक परत जागेवर लावून मी बसले, डोकं मागे टेकवलं, आणि डोकं बरोबर त्या पट्ट्यावर आलं. वर्षानुवर्षं वाट बघत बसलेल्या माणसांच्या केसांचं तेल होतं ते. आम्ही तो पट्टा पुसला नाही, चार फूट तसाच ठेवून बाकीची भिंत रंगवली. लोक त्याला डाग समजतात आणि विचारतात इथे रंग द्यायचा राहिला का, मग सांगितलं की गप्प होतात आणि बराच वेळ बघत उभे राहतात. तुम्ही जाल तिथेही अशी एखादी मुद्दाम न रंगवलेली जागा असेल, ती शोधा. चौकोनी खिडकीसारखा भिंतीचा तुकडा, त्यात पायऱ्यांसारखे रंगाचे थर दिसतात, सगळ्यात खालचा म्हणजे पहिला. मूळ रंग असाच शोधतात, टाचणीच्या डोक्याएवढा कपचा काढून मायक्रोस्कोपखाली थर मोजतात.

जतनाचं काम सगळीकडे चांगलंच होतं असं नाही. एका ठिकाणी आम्ही पोचायच्या आधीच विटा स्वच्छ दिसाव्यात म्हणून ठेकेदाराने वाळूचा फवारा मारला होता. भट्टीत भाजल्यावर विटेला बाहेरून जी कडक त्वचा येते ती गेली, उरली आतली मऊ वीट, पुढच्या दोन पावसाळ्यांत भिंत आतून ओली. वर विटांमधले सांधे सिमेंटने भरले, जिथे मूळ चुना होता. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट अडवतं, मग पाणी विटेतूनच वाट काढतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. अशी भिंत एकदा ओळखायला शिकलात की सगळीकडे दिसेल, सांधे उचललेले आणि विटा आत खचलेल्या. त्यामुळे जुन्या स्टेशनावर थोडी काजळी राहिलेली दिसली तर तिथे कुणीतरी विचार करून हात आवरलाय असं समजा.

आणि ही स्टेशनं आपोआप नाही वाचलेली. न्यूयॉर्कचं पेनसिल्व्हेनिया स्टेशन, 1910 चं, 1963 मध्ये पाडायला घेतलं आणि ते गेल्याचा धक्का इतका होता की 1965 मध्ये त्या शहरात ऐतिहासिक इमारती राखायचा कायदा झाला, त्याच कायद्याने पुढे तिथलंच ग्रँड सेंट्रल स्टेशन वाचलं, 1978 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन. युट्रेख्टचं मालीबान स्टेशन 1939 मध्ये प्रवाशांना बंद झालं आणि 1954 पासून तिथे नेदरलँड्सचं रेल्वे म्युझियम आहे. वाचल्यावरही सांभाळणं सोपं नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेल्वे म्युझियममधल्या 1884 च्या गोल शेडचं छत फेब्रुवारी 2003 मध्ये बर्फाच्या वजनाने कोसळलं, खाली उभी असलेली जुनी इंजिनं आणि डबे चेपले गेले, दुरुस्त करून ते परत उघडायला पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला 2008 च्या चक्रीवादळात समुद्राचं पाणी तिथल्या रेल्वे म्युझियममध्ये शिरलं, खारं पाणी आणि पोलाद, पुढचं काय सांगू. म्हणून देणगीची पेटी असेल तर त्यात टाका काहीतरी, छताचा खर्च तिकिटातून निघत नाही.

आता इंजिन. यायचंच होतं तिथे. पहिलं काम, मुलाला चाकं मोजायला लावा, पुढची छोटी, मधली मोठी, मागची छोटी. 4-6-2 असं लिहिलेलं असतं ते एवढंच आहे, पुढे चार, मधे सहा, मागे दोन. मधली मोठी चाकंच गाडी ओढतात. चाक जितकं मोठं तितका एका फेरीत पल्ला जास्त, म्हणून जोरात पळणाऱ्या एक्सप्रेसच्या इंजिनांची चाकं दोन मीटरच्या आसपास आणि जड माल ओढणाऱ्यांची दीड मीटरच्या. म्हणजे पाटी न वाचता नुसत्या चाकांवरून हे इंजिन कशाला होतं ते ओळखता येतं. मग दोन डब्यांमधलं कपलिंग बघा. जुन्या अमेरिकन मालडब्यांत कडी आणि खिळा असायचा, दोन डबे एकमेकांवर येत असताना माणसाने मधे उभं राहून हाताने कडी जोडायची. बोटं जायची, जीव जायचा. आपोआप जुळणाऱ्या कपलिंगचं जॅनीचं पेटंट 1873 चं, वेस्टिंगहाउसचा एअर ब्रेक 1869 चा, पण ते सगळ्या गाड्यांना लावायचा कायदा 1893 मध्ये आला. वीस वर्षं उपाय माहीत असून बोटं जात राहिली. मला इंजिनाच्या वेगापेक्षा ही कडी जास्त महत्त्वाची वाटते.

ड्रायव्हरच्या केबिनमध्ये चढू देत असतील तर भट्टीच्या दारासमोर उभे रहा, मागे टेंडरमधला, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यातला कोळसा, पुढे भट्टी, मधे फायरमनला फिरायला किती जागा होती ते बघा. बॉयलरभोवती जुन्या काळी अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायचे, म्हणून एखादं इंजिन कुंपणाआड असेल तर कारण हे असू शकतं, तिथे हट्ट करू नका.

मालधक्का राहून जातो नेहमी. जमीन डब्याच्या तळाइतकी उंच का, वजनकाटा कुठे, दाराच्या चौकटीवर हातगाड्यांनी खाल्लेल्या खाचा किती उंचीवर, दहा मिनिटं पुरतात.

तुमच्या अर्ध्या दिवसाचं व्यवहाराचं बोलायचं तर सकाळी उघडतानाच जा, ऊन पूर्वेकडून आत येतं आणि स्वयंसेवक तेव्हा मोकळे असतात. त्यांतले बरेच जण निवृत्त रेल्वेवाले असतात. त्यांना "हे इंजिन किती जुनं" विचारू नका, ते पाटीवर असतं, "तुम्ही स्वतः कुठे काम करायचात आणि त्यातलं इथे काय आहे" असं विचारा, मग बघा ते तुम्हाला कुठे कुठे नेतात ते. आईंसाठी आधी फोन करून विचारा की फलाट आणि डब्यांत फरक किती आहे, जुने फलाट बुटके असतात, पूर्वी त्यासाठी डब्याच्या दारात पायरीचं स्टूल ठेवायचे, आज काही ठिकाणी रॅम्प असतो काही ठिकाणी नसतो. शेजारून चालू लाइन जात असेल, ब्रसेल्सच्या ट्रेन वर्ल्ड या रेल्वे म्युझियममध्ये जसं शारबेक स्टेशन अजून चालू आहे, तर मुलाचा हात सोडू नका, विजेच्या गाड्यांचा आवाज फार उशिरा ऐकू येतो. फ्लॅश नको, कागद आणि कापड उजेडाने फिकं पडतं.

आणि आईंना दमल्यावर बाहेरच्या कॅफेत नका नेऊ, वेटिंग रूममधल्या बाकावर बसवा, बसायला परवानगी असलेले बाक असतात, विचारून घ्या. ओहायोमधल्या डेनिसन स्टेशनात दुसऱ्या महायुद्धात गावातल्या बायकांनी गाडी थांबायची तेवढ्या मिनिटांत सैनिकांना खायला दिलं, अंदाजे 13 लाख जणांना, आणि आज तिथल्या म्युझियममध्ये नुसती इंजिनं नाहीत, ही गोष्टही सांगितली जाते. तुमच्या आईंनी वाफेच्या गाडीने प्रवास केला असेल, खिडकीतून डोळ्यात कोळशाचा कण गेला असेल, डब्याचं दार लावून घ्यायला कुणी मदत केली असेल, तर तिथे बसून ते नातवाला सांगू दे आणि तुम्ही फोनवर रेकॉर्ड करा. शेजारी एखादा स्वयंसेवक असेल तर त्यालाही बसवून घ्या. आम्हाला अशा आठवणी हव्या असतात, वही काढून लिहून घेतो आम्ही.